कर्तेपणाची नोंद

दुसऱ्याच्या नावाने केलेल्या कर्माचा कर्ता कोण, हा प्रश्न नागपूरला नवा नाही. सीताबर्डीच्या लढाईनंतर, १८१८ साली, नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने राज्याचा कारभार ब्रिटिश रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स पाहू लागले. गादी राजाची, हुकूम साहेबाचा, अशी ती व्यवस्था होती. तिच्या न्याय-अन्यायाचा निवाडा इतिहासकार करोत. परंतु या मुलखाविषयीचा जेंकिन्स यांचा विस्तृत अहवाल १८२७ साली त्यांच्याच नावाने छापला गेल्यामुळे, जाब कोणाला विचारावा हे तरी संदिग्ध राहिले नाही.

लिनक्स या संगणक प्रणालीवरील 'रूट' हेही असेच, ज्याच्या नावाने दुसरेच हुकूम सोडतात असे, सर्वाधिकारी खाते; त्याचा क्रमांक शून्य, आणि त्याला जवळजवळ कोणतेच दप्तर वर्ज्य नाही. त्याचा एकच पासवर्ड कचेरीतील पाच जणांना ठाऊक असला, की मध्यरात्री खोडल्या गेलेल्या फाइलीबद्दल यंत्र केवळ 'रूट' एवढेच सांगते आणि पाचही जण संशयाचे धनी होतात. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर यांनी लिहिलेली 'सुडो' ही आज्ञा सामान्यतः मागणाऱ्याचा स्वतःचाच पासवर्ड विचारते, 'सुडोअर्स' फाइलीतील त्याची सनद ताडून पाहते, आणि कोणी, केव्हा, कोणाच्या नावाने काय केले याची नोंद ठेवते. मात्र ज्याला सरसकट रूटचा अंमल दिला, त्याला ती नोंदही पुसता येते. म्हणून सनद मोजक्या आज्ञांपुरती असावी आणि नोंदीची नक्कल दुसऱ्या यंत्रावर राहावी.

'मी कर्ता' हा अहंकार सोडण्यास गीता सांगत असताना प्रत्येक आज्ञेवर कर्त्याचे नाव कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, करण, चेष्टा आणि दैव यांच्या पंक्तीत गीतेने कर्त्यालाही बसविले आहे. तो एकटा नाही, पण अदृश्यही नाही. फळावरचा हक्क सोडणे ही निष्कामता होय. कर्मावरचे नाव पुसून टाकणाऱ्याने फळ सोडलेले नसते, केवळ दोष इतरांवर वाटून दिलेला असतो. अधिकार सामायिक होऊ शकतो, उत्तरदायित्व होऊ शकत नाही. म्हणूनच सामायिक पासवर्ड मागणाऱ्या सहकाऱ्याला तो नाकारून त्याच्या स्वतःच्या नावाची सनद देणे, यात त्याचा अवमान नाही. उद्या आळ आलाच, तर त्याच्या निर्दोषतेची साक्ष देण्यास तीच नोंद उभी राहील.