निळा रंग नेमका कुणाचा?



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १२

सूर्यात, चंद्रात, अग्नीत जे तेज आहे ते माझंच, असं भगवंत इथे अर्जुनाला सांगतात. वाचायला सोपं आहे. पण "माझ्यात जे चमकतं, ते माझं नाही" हे मनाला पटवणं किती कठीण! म्हणून आज एक फुलपाखरू बघूया.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात मॉर्फो नावाची फुलपाखरं आहेत. त्यातल्या कित्येकांचे पंख झगझगीत निळे. गंमत म्हणजे त्या पंखात निळं रंगद्रव्य नसतंच! फुलपाखराला बोट लावलं की जी पूड लागते ना, ते पंखावरचे खवले. कौलांसारखे एकावर एक बसवलेले. मॉर्फोच्या खवल्यांवर अतिसूक्ष्म कंगोरे असतात आणि त्यात पातळ थर. थरांमधलं अंतर इतकं नेमकं, की निळ्या प्रकाशाच्या लहरी एकमेकींना साथ देत परत फिरतात. उरलेला बराचसा प्रकाश खालचं काळपट मेलॅनिन शोषून घेतं, म्हणून निळा आणखी खुलतो. पंखावर अल्कोहोलचा थेंब टाकला तर थरांमधल्या हवेची जागा तो घेतो आणि निळ्याचा हिरवा होतो. थेंब उडाला की पुन्हा निळा! उजेड मागून आला तर तोच पंख तपकिरी दिसतो.

मग निळाई कुणाची?

आपलंही असंच. अप्रेझल छान झालं, फोटोला लाइक्स आले, की वाटतं हा रंग माझाच. आणि नोकरी गेली, नातं तुटलं की वाटतं, आता मी काहीच नाही. दोन्ही वेळा चूक एकच : तेज आपलं समजलो.

"मग मी काही करायचंच नाही का?" असं नाही हं. थर नीट नसतील तर ऊन पडूनही निळाई उमटत नाही. रोजचं नामस्मरण, खरं बोलणं, हातातलं काम मन लावून करणं, हे आपले थर. रचना आपण सांभाळायची, तेज त्याचं. आणि आयुष्यातले काळे दिवस? पंखातला तो काळा थरही वाया जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

आजचा संकल्प : कुणी कौतुक केलं तर मनात म्हणा, "देवा, हे तुझं." कुणी नाकारलं, तरी तेच म्हणा.

राम कृष्ण हरी!