काबॉ खोऱ्याचा मोबदला

मणिपूरच्या पूर्वेचे डोंगर उतरलं की म्यानमारमधलं काबॉ खोरं लागतं, आणि त्यापलीकडे चिंदविन नदी. हे खोरं आमचं होतं, ते दुसऱ्यांनीच देऊन टाकलं, ही सल मणिपुरात आजही आहे. पण जमीन ‘आपली’ असणं म्हणजे काय, याचा अर्थ इथे दर पिढीत बदलत गेला.

आधी तो अर्थ खंडणीपुरता होता. खोऱ्यातले शान सरदार ज्याचं पारडं जड त्याला खंडणी देत, कधी मणिपूरला, कधी ब्रह्मदेशातल्या आव्याच्या दरबाराला. १८१९ पासून सात वर्षं ब्रह्मी फौजांनी मणिपूर उजाड केलं. मग राजा गंभीरसिंह इंग्रजांच्या मदतीने परतला आणि त्याने ब्रह्मी फौजांना चिंदविनपार रेटलं. इंग्रज आणि आवा यांच्यातल्या १८२६ च्या यांदाबोच्या तहात त्याच्या राजेपणाचा उल्लेख आला, पण मणिपूरच्या हद्दीबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

तिथून वाद कागदांवर आला. आव्यातला इंग्रज रेसिडेंट हेन्री बर्नी याने ब्रह्मी दप्तरं चाळून आव्याची बाजू उचलून धरली. गव्हर्नर-जनरल बेंटिंकच्या सरकारने १८३३ मध्ये कळवलं, की खरी हद्द चिंदविनच, हे आमचं मत कायम आहे. तरी आव्याच्या राजाची इच्छा राखण्यासाठी खोरं परत देतो. ज्याचा हक्क खरा मानला, त्याच्याच हातून जमीन काढून घेतली. मला हा अन्याय लढाईतल्या लुटीपेक्षा मोठा वाटतो.

९ जानेवारी १८३४ ला ताबा बदलला. गंभीरसिंह त्याच दिवशी वारला. २५ जानेवारीला लांगथबाल इथे ग्रँट आणि पेंबर्टन या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून दिलं, की मणिपूरच्या राजाला दरमहा ५०० सिक्का रुपये मिळतील. त्याखालचं दुसरं कलम जास्त महत्त्वाचं. पुढेमागे खोरं मणिपूरकडे परत आलं, तर त्या दिवसापासून रक्कम बंद! खजिन्याचा हिशेब चोख राहावा म्हणून घातलेली ही अट, पण खोरं परत येऊ शकतं हे त्यात इंग्रजांनीच लिहून ठेवलं. विकलेल्या जमिनीची किंमत एकदाच हातात पडते, दर महिन्याला येतं ते भाडं. खोरं फक्त भाड्याने दिलंय, असं मणिपुरात मानलं गेलं, ते उगाच नव्हे.

खोऱ्यातल्या शानांना मात्र कुणीच काही विचारलं नाही.

१८८६ पर्यंत सगळा ब्रह्मदेश इंग्रजांनी खालसा केला. ज्याची मर्जी राखायची तो राजाच उरला नाही, तरी खोरं ब्रह्मदेशातच राहिलं. आज मणिपुरात पुष्कळ जण ठपका नेहरूंवर ठेवतात. १९५३ मध्ये त्यांनी ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांच्यासोबत सरहद्दीचा दौरा केला, तेव्हाच खोरं दिलं म्हणतात. १९६७ च्या भारत-ब्रह्मदेश सीमाकराराने ते पलीकडेच राहिलं, हे खरं. पण तोवर त्याचा ताबा जाऊन १३३ वर्षं झाली होती.