मागे बसलेला जीव

श्रीमद्भगवद्गीतेचा उपदेश कोठे झाला असे विचारल्यास आपण सहजच ‘कुरुक्षेत्रावर’ असे उत्तर देतो. ते खरेच आहे. परंतु अधिक नेमके सांगावयाचे तर तो रथात झाला. एक हाकणारा आणि एक बसलेला, एवढ्या दोघांमध्ये तो संवाद घडला. त्यातही विशेष हे की, जो सर्व विश्वाचा नियंता तोच पुढे लगाम धरून बसला होता, आणि दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करण्यास अर्जुनाने सांगताच त्याने तो मुकाट्याने नेऊन उभा केला. कठोपनिषदातील रथाच्या रूपकातही रथाचा स्वामी हा आत बसलेला आत्मा आहे. बुद्धी ही केवळ सारथी होय. वाहन ज्याच्या हाती, तोच त्याचा धनी, ही समजूत आपल्या शास्त्रांनी कधीच मानली नाही.

आज हा विषय काढण्याचे कारण मात्र अगदी प्रपंचातले आहे. गुडघे साथ देईनासे झाले, किंवा एखाद्या पायाचे बळ गेले, की कित्येक गृहस्थ दोन चाकांची गाडी सोडून तीन चाकांच्या मोटारसायकलीकडे वळतात. ही गाडी काही आजची नव्हे. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीने पुढे एक व मागे दोन चाके असलेली गाडी १९३२ पासून १९७३ पर्यंत बनविली. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या उरलेल्या मोटारसायकलींना मागे दोन चाकांचा सांगाडा जोडून दिल्लीत ‘फटफटी’ निघाली, आणि १९९८ च्या सुमारास प्रदूषणामुळे बंद होईपर्यंत तिने चांदणी चौकाच्या बाजूचे असंख्य उतारू वाहिले. सौराष्ट्रातील छकडो तिचाच भाऊबंद. आपल्या शहरांतून दिव्यांग बंधू स्कूटरच्या मागे दोन्ही अंगांस जोडचाके लावून घेतात. तीही चालविण्याच्या दृष्टीने याच जातीची. अशी गाडी घरी येते, चार दिवस एकट्याने फिरवून होते, आणि मग एके सकाळी पत्नी, मुलगा किंवा वृद्ध आई म्हणते, ‘आता मलाही घेऊन चला.’ त्या क्षणाविषयी थोडे लिहावयाचे आहे.

तीन चाके म्हणजे पडण्याची भीती गेली, असा सर्वसाधारण समज आहे. उभ्या गाडीपुरता तो खरा आहे. चालत्या गाडीपुरता तो अर्धाच खरा आहे, आणि अर्धसत्यावर दुसऱ्याचा जीव बसविणे हा मोठाच दोष होय. दोन चाकांची गाडी वळणावर आत झुकते. डावीकडे वळावयाचे असता जाणता स्वार डावी मूठ क्षणभर पुढे लोटतो, आणि त्यायोगे गाडी डावीकडे कलते. हे तो शिकलेलाही नसतो, ते त्याच्या हातात मुरलेले असते. हीच कृती तीन चाकांवर केली की गाडी सरळ उजवीकडे निघते! ती झुकत नाही. जिकडे जावयाचे तिकडे तिचे हँडल बळाने वळवावे लागते; वेग जास्त असेल तर अंग बाहेर फेकले जाते, आणि त्याहूनही जास्त असेल तर आतल्या बाजूचे मागचे चाक जमीन सोडते. मागे माणूस बसला की भार उंचावतो आणि मागे सरकतो. पुढचे चाक हलके पडू शकते, थांबावयास अधिक अंतर लागते. काल एकट्याने ज्या वेगात वळण सुखरूप पार पडले, त्याच वेगात आज ते पार पडेल असे मुळीच नाही.

संस्काराचे बळ केवढे असते याचे हे चालतेबोलते उदाहरण आहे. तीस वर्षांचा अनुभव येथे गुणाऐवजी विघ्न होतो. सिग्नलपाशी थांबताना पाय आपोआप खाली जातो; दोन चाकांवर तो आधार होता, येथे मागचे चाक त्या पायावर चढू शकते. म्हणून ‘मला काय शिकवता, मी कॉलेजपासून गाडी चालवतो’ असे म्हणणाऱ्याविषयी मला अधिक भय वाटते. भगवंतांनी मनोनिग्रहासाठी अभ्यास सांगितला आहे. हातांच्या निग्रहासही दुसरा उपाय नाही. प्रथम मोकळ्या मैदानात एकट्याने, मग मागच्या आसनावर धान्याचे पोते घट्ट बांधून, आणि त्यानंतर मनुष्य. पोत्याला भीती नसते, एवढाच काय तो फरक. पण तोच फार मोठा आहे.

परंतु माझ्या मते या गाडीचे खरे मर्म तिच्या खड्ड्यांत आहे. दोन चाकांची गाडी एकाच रेषेत जाते. पुढच्या चाकाने खड्डा चुकविला की बहुधा मागच्यानेही चुकविला. तीन चाकांच्या गाडीच्या तीन रेषा असतात. पुढचे चाक मधून जाते, मागची दोन बाजूंनी. पुढे बसलेला स्वार खड्डा पाहतो, हँडल किंचित वळवितो, आणि खड्डा टळला म्हणून निश्चिंत होतो. तोच मागचे एक चाक त्यात आदळते, आणि त्या चाकाच्या अगदी वर मागे बसलेला जीव असतो. स्वाराला तो धक्का निम्माही कळत नाही.

किती घरांत हेच चाललेले असते! कर्ता पुरुष अवघड प्रसंग कौशल्याने चुकवितो: सावकाराला उद्याचा वायदा करतो, नातेवाइकाला खोटे कारण सांगतो, आजाराची गोष्ट लपवितो, आणि आपण निभावून नेले असे समजतो. दारात आलेल्या सावकाराला तोंड द्यावे लागते ते पत्नीला. खोटे सांभाळावे लागते ते मुलांना. त्याचा हेतू वाईट नसतो. आपल्या वाहनाची रुंदी त्याने ओळखलेली नसते, एवढेच. एकट्याचा होता तेव्हा तो एका रेषेत चालला. आता त्याला तीन रेषांचा रस्ता पाहणे प्राप्त आहे. तीन चाकांवर खड्डा चुकवावयाचा तर बऱ्याच वेळा तो पुढच्या चाकाच्या आणि मागच्या एका चाकाच्या रेषांमधून काढावा लागतो, नाहीतर वेग पार उतरवून स्वतःच्याच चाकाखाली सोसावा लागतो. धक्का आधी स्वतःला बसेल असे चालविणे, यास मी सारथ्य म्हणतो. कर्णाने सोडलेला सर्पबाण येताना पाहून भगवंतांनी रथच भूमीत दाबला, घोडे गुडघ्यांवर आले. अर्जुनाचा किरीट गेला, मस्तक वाचले.

मागे बसणाऱ्याचे भयही समजून घ्यावे. ज्याला दोन चाकांवर डबलसीट बसण्याची सवय आहे, त्याला पहिल्याच वळणावर आपण बाहेर फेकले जात आहो असे वाटते. विराटपुत्र उत्तर कौरवसेना पाहून रथातून उडी टाकून पळाला, तेव्हा बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्याच्यामागे धावला, त्याला धरून आणले, धीर दिला आणि त्याच्याच हाती लगाम दिले. ज्याला काम आणि माहिती मिळते त्याचे भय ओसरते. म्हणून निघण्यापूर्वीच सांगावे: येथे गाडी झुकणार नाही, बाजूची मूठ धरावी, वळणावर जमले तर आतल्या अंगास थोडे कलावे, पाय पायटीवरून काढू नये, पदर किंवा ओढणी खोचून घ्यावी, आणि हेल्मेट दोघांच्याही डोक्यावर असावे. भ्यालेल्याची थट्टा करू नये. शल्याच्या टोचून बोलण्याने कर्णाचे काय झाले हे आपण जाणतोच. वेग दाखवून आपल्या माणसास चकित करण्याची हौस तर सर्वस्वी त्याज्य समजावी.

चढण्याउतरण्याचाही क्रम आहे. स्वाराने आधी बसावे, ब्रेक दाबून धरावा, मगच दुसऱ्याने चढावे. उतरताना मागच्याने आधी, आणि तो दूर होईपर्यंत ब्रेक सोडू नये. युद्ध संपल्यावर भगवंतांनी गांडीव व भाते घेऊन अर्जुनाला आधी उतरावयास सांगितले, आपण मागाहून उतरले, आणि त्यानंतर तो रथ पेटून भस्म झाला. तोवर तो केवळ त्यांच्या बसण्याने टिकला होता.

पहिली फेरी घराजवळचीच असावी, सकाळी रस्ता मोकळा असताना, दोन किलोमीटरहून अधिक नको. परत आल्यावर गाडी कशी चालली हे आपण सांगत बसू नये. मागे बसलेल्याला विचारावे की, कोणत्या वळणावर मूठ घट्ट आवळावी लागली. आणि दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर एकट्याने जाऊन यावे.