नकोची फी

भूलतज्ज्ञाची फी रोगी ठरवत नाही आणि भूलतज्ज्ञही ठरवत नाही. ती सर्जन ठरवतो. आमच्या ग्वाल्हेरच्या नर्सिंग होममध्ये रिवाज असा की सर्जनच्या फीचा चौथा हिस्सा भूल देणाऱ्याचा. ऑपरेशन मोठं असलं आणि सर्जन दिलदार असला तर तिसरा. पाकीट काउंटरवरच्या मुलाकडून मिळायचं. मी उभा जन्म हेच काम केलं, आधी शहराच्या लष्कर भागातल्या जयारोग्य रुग्णालयात पगारावर, मग बाहेर केसप्रमाणे. टेबलावरच्या माणसाचा श्वास दोन-दोन तास माझ्या हाती असायचा, पण त्याला माझं नाव ठाऊक नसायचं. शुद्धीवर आला की तो हात जोडायचा सर्जनला. त्याचं वाईट वाटणं कधीच संपलं. कौशल्याचं मोल कशावरून ठरतं, हा प्रश्न मात्र त्या पाकिटाने माझ्या मागे लावून दिला तो दिलाच.

मी राहते पडावला. स्टेशनातून उतरलेला माणूस फूलबागेकडे निघाला की आमच्या रस्त्याला लागतो. मुरैना, भिंड, दतिया, श्योपूरहून आलेली माणसं एक्स-रेचा लिफाफा काखेत धरून पाट्या वाचत उभी असतात. एकेका जिन्याशी पाच-सहा पाट्या: हाडांचे, मेंदूचे, मूत्रमार्गाचे, लहान मुलांचे. डिग्र्यांची लांबी साधारण सारखीच. कमाईत मात्र जमीन-अस्मानाचं अंतर, आणि ते अंतर जीव वाचवण्याच्या हिशोबाने पडलेलं नाही.

बहिणीचा मुलगा एमबीबीएस होऊन पुढच्या प्रवेशासाठी शाखा निवडत होता. त्याने चक्क तक्ता केला होता. रात्री फोन येतो का, मशीन लागतं का, रोगी थेट आपल्याकडे येतो की दुसऱ्याने पाठवावा लागतो, कोर्टकचेरीची भीती किती.

"मावशी, रेडिओलॉजीला रात्री कोणी उठवत नाही," तो म्हणाला.

"आणि मुलांचा डॉक्टर?"

"तो चोवीस तास उठतो. शिवाय आई-बाप फीमध्ये घासाघीस करतात. पेशंट लहान ना!"

पोरगा खोटं बोलत नव्हता. ज्याच्या हातात सुरी, दुर्बीण किंवा स्कॅनचं मशीन आहे त्याच्या मिनिटाला भाव आहे. जो नुसता ऐकतो, तपासतो, विचार करतो, त्याच्या तासालाही नाही. मनोविकारतज्ज्ञ पाऊण तास ऐकून घेतो. ऐकण्याचं पॅकेज योजनांत सहसा नसतं. केंद्र सरकारच्या सीजीएचएस योजनेत तज्ज्ञाला दाखवण्याचा दर 2023 पर्यंत 150 रुपये होता, तो तेव्हा 350 झाला. त्याच 2023 साली पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली, कारण जागा रिकाम्या पडत होत्या. त्यात मोठा वाटा शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन अशा विषयांचा, जिथे रोगीच भेटत नाही. दुसऱ्या टोकाला खासगी अभिमत विद्यापीठांतली रेडिओलॉजीची जागा तीन वर्षांत कोटीच्या पलीकडे जाते. ते कर्ज काढून बसलेला मुलगा रोगी तपासतो तेव्हा खोलीत तीन माणसं असतात: रोगी, डॉक्टर आणि बँकेचा हप्ता.

सरकारचं तत्त्वज्ञान याच्या अगदी उलट. एम्समध्ये सहायक प्राध्यापक म्हणून लागलात तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ वेतन 1,01,500 रुपयांपासून सुरू होतं, मग तुम्ही मेंदू उघडा नाहीतर पोरांची नाकं पुसा. वर खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दल मूळ वेतनाच्या 20 टक्के भत्ता. म्हणजे सरकारच्या लेखी सगळे तज्ज्ञ सारखे आणि मोहाची किंमत वीस टक्के. बाजार ती किती लावतो ते संध्याकाळी सहानंतर कोणत्याही शहरात दिसतं.

अमेरिकेने हा गुंता मापून सोडवायचा प्रयत्न केला. हार्वर्डच्या विल्यम शाओ यांनी 1980 च्या दशकात वेळ, बुद्धीचे श्रम, कौशल्य आणि मनावरचा ताण धरून एकेका वैद्यकीय कामाला वजन दिलं; 1992 पासून तिथल्या वृद्धांच्या मेडिकेअर योजनेने त्यावर पैसे द्यायला सुरुवात केली. विचार करणाऱ्या डॉक्टरला न्याय मिळावा हा हेतू. पण पुढे वजनं दुरुस्त करण्याबद्दल सल्ला देणाऱ्या समितीत बहुमत तज्ज्ञांचंच राहिलं, आणि तफावत काही बुजली नाही. तराजू ज्याच्या हाती, त्याचा माल जड.

हे झालं अर्थशास्त्र. मला छळणारा प्रश्न वेगळा आहे. कण्हणाऱ्या माणसाकडून पैसे घ्यावेत का, आणि घ्यायचे तर कशाबद्दल?

फूलबागेजवळ राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. 1858 च्या जूनमध्ये त्यांना इथे बाबा गंगादासांच्या मठातल्या साधूंनी अग्नी दिला. डॉक्टर्स डेला आमच्या सभांत एखादा वक्ता त्या साधूंच्या सेवेचा दाखला देतो आणि लगेच निष्काम कर्मयोगावर येतो. बिल्डरांच्या संमेलनात गीता निघाल्याचं मी ऐकलेलं नाही. जिथे माणूस अडलेला असतो तिथेच दुसऱ्याला निष्काम व्हायला सांगण्याची आपली जुनी खोड आहे.

शास्त्रांना विचारावं तर तीही एका सुरात बोलत नाहीत. तैत्तिरीय संहितेत अश्विनीकुमारांना यज्ञातला वाटा नाकारला जातो. कारण काय, तर ते वैद्य, माणसांत मिसळणारे. मनुस्मृतीत वैद्याचं अन्न वर्ज्य आणि वैद्याला श्राद्धाचं आमंत्रण नाही. पितृपक्षात माझ्या सासूबाई मला हे हसत ऐकवायच्या आणि मग गुडघ्याची गोळी मागायच्या. माझं मत असं की तिथे राग फीचा नव्हता, स्पर्शाचा होता. रक्त-पू हाताळणाऱ्याला हलकं ठरवायचं होतं. चरक अधिक प्रामाणिक. उपचाराचा बाजार मांडणारा सोनं टाकून धूळ गोळा करतो, असं तो वैद्याला बजावतो. पण बरा होऊन वैद्याला काहीच न देणाऱ्या रोग्यालाही तो सोडत नाही, त्या पापाला सुटका नाही म्हणतो. तलमुदातले यहुदी पंडित तर रोखठोक: फुकट बरं करणाऱ्या वैद्याची लायकीही तेवढीच.

मला खरी वाट दाखवतात त्या दोन गोष्टी. एक जीवकाची. राजगृहातल्या गणिकेचा मुलगा, तक्षशिलेला सात वर्षं शिकलेला. परतताना साकेतला एका शेठाणीची सात वर्षांची डोकेदुखी त्याने काढली. बोली एवढीच की आधी काही देऊ नका, बरं वाटलं तर वाटेल ते द्या. शेठाणी, तिचा मुलगा, सून आणि नवरा, प्रत्येकाने चार-चार हजार दिले. पुढे राजगृहाच्या शेठजींची कवटी उघडून त्याने त्यांना वाचवलं. शेठजी सगळी संपत्ती द्यायला आणि दास व्हायला तयार होते. जीवक म्हणाला, एवढं नको. एक लाख राजाला द्या, एक लाख मला. बुद्धाला आणि भिक्षूंना मात्र तो फुकट बघायचा. तेही सोपं नव्हतं म्हणा. फुकट औषधासाठी रोगी लोक भिक्षू व्हायला लागले, बरे झाले की चीवर टाकून घरी! शेवटी पाच रोगांच्या माणसांना दीक्षा देऊ नये असा नियम बुद्धाला करावा लागला. फुकट सेवेची अडचण अडीच हजार वर्षांपूर्वी संघालाही सुटली नव्हती.

फुकट सेवेचा प्रश्न आपल्या कोर्टापुढेही आला. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात डॉक्टरांना ग्राहक कायद्याखाली आणलं, तेव्हा एक बारीक गोष्ट सांगितली. सगळ्यांनाच फुकट तपासणारं रुग्णालय या कायद्याबाहेर. पण काहींकडून पैसे आणि काहींना फुकट असं असेल तर तो फुकटवालाही ग्राहकच. कारण त्याचा खर्च पैसे देणाऱ्यांच्या बिलातूनच निघतो. शेठजींच्या लाखात भिक्षूंचा काढा होताच की.

दुसरी गोष्ट महाभारताच्या आदिपर्वातली. परीक्षिताला तक्षक डसणार हे कळल्यावर काश्यप नावाचा विषवैद्य हस्तिनापूरला निघाला. हेतू लपवलेला नाही: राजा वाचला की धन मिळेल. वाटेत तक्षक भेटला. त्याने एक वड डसून भस्म केला, काश्यपाने तो पुन्हा पालवला. असा तज्ज्ञ! तक्षक म्हणाला, राजाकडून मिळेल त्याहून जास्त मी देतो, परत फीर. काश्यपाने डोळे मिटले, राजाचं आयुष्य सरलेलं आहे असं त्याला दिसलं, आणि धन घेऊन तो परतला. फांदीवर चढलेला एक लाकूडतोड्या वडाबरोबर जळून पुन्हा जिवंत झाला होता. त्यानेच पुढे नगरात ही हकीगत सांगितली. त्या अद्भुत कौशल्याचा लाभ मिळाला तो एकाच रोग्याला, आणि त्याने दमडी दिलेली नव्हती.

काश्यप लबाड होता का? मला नाही तसं वाटत. आयुष्य सरल्याचं त्याला खरंच दिसलं असेल. पण थैली समोर असताना दिसलं. आपल्याला जे दिसलं ते ज्ञानाने की थैलीने, हे त्यानंतर त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. पैशाचं पाप मला इथे दिसतं. किती घेतले यात नाही. पैसा निदानाच्या आधी खोलीत आला यात.

आपल्या काळात थैली बहुतेक वेळा 'कर' म्हणते. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं प्रकरण बाहेर आलं. सरकारी पाहणीत ऐंशी हजारांवर बायकांना विचारलं गेलं. तेरा हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. पाळीत खाडा झाला की दंड, डोक्यावर मुकादमाची उचल, वर कॅन्सरची भीती घालणारे. पिशवी काढल्याचे पैसे मिळतात. "गोळी घे, दोन दिवस आराम कर" म्हटल्याचे मिळत नाहीत. हे वाचताना मी हिशोब केला तो माझ्या शाखेचा: यातल्या प्रत्येकीला कोणीतरी भूल दिली असणार. ऑपरेशन झालं नाही तर आमचा चौथा हिस्साही नाही. एका ठिकाणी मी टेबलावरच विचारलं होतं, हिची पिशवी का काढतोय? उत्तर मिळालं, आणि पुढच्या यादीपासून मला बोलावणं बंद झालं.

थैली उलट्या बाजूनेही बोलते. विमा कंपनीचा किंवा योजनेचा माणूस जेव्हा 'हे मंजूर नाही' म्हणतो, तेव्हा तो तक्षकाचाच अवतार असतो. न करण्याचे पैसे देतो. पगारी डॉक्टरला तर करा न करा, पगार तोच, आणि 'उद्या या' म्हणणं सगळ्यात सोपं. म्हणून पगार द्या, सगळं शुद्ध होईल, हे मला पटत नाही. तरी निवडायचंच झालं तर मी पगार निवडीन. पगारात आळस होतो, पण निरोगी पिशवी कापली जात नाही.

मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे यांनी पहिल्या तपासणीला दोन रुपये आणि नंतर एक रुपया घेतला. जबलपूरला डॉ. एम. सी. डावर यांनी 1972 मध्ये दोन रुपयांनी सुरुवात केली आणि वीस रुपयांपर्यंत आले. दोघांना पद्मश्री मिळाली. अशी माणसं आहेत म्हणून सगळ्यांनी तसंच व्हावं असं म्हणण्यात अर्थ नाही. मला त्यांचं मोठेपण स्वस्ताईत दिसत नाही. समोरच्याला काही करून घ्यायला लावण्यात त्यांचा फायदा नव्हता, म्हणून त्यांच्या 'काही झालेलं नाही' या शब्दावर माणूस निर्धास्त घरी जाऊ शकत होता.

तज्ज्ञपणाचं शेवटचं टोक हेच असतं. सुरी चालवायला काही वर्षांत येतं. ती ठेवून द्यायला फार उशिरा. आणि या 'नको'ला आपल्याकडे भाव नाही, याला एकटे डॉक्टर जबाबदार नाहीत. जिन्यावरून उतरणारी माणसं मी रोज ऐकते. दहा हजारांच्या तपासण्या झाल्या तर ती म्हणतात, डॉक्टरने नीट बघितलं. औषध न देता, न कापता परत पाठवलं तर म्हणतात, नुसतं बघितलं आणि पाचशे घेतले!

तेव्हा वाचकहो, ऑपरेशन सुचवणाऱ्याला पैशाआधी एवढंच विचारा: नाही केलं तर काय होईल? आणि शिकल्या-सवरल्या डॉक्टरने नीट तपासून "काही करायला नको, घरी जा" असं सांगितलं, तर त्याचे पाचशे रुपये कुरकुर न करता द्या.