आत्याचे पैसे आणि सहासष्ट उपग्रह

माझ्या नणंदेनं बिल्वर मोडून पुतण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये पैसे घातले. एकदा सुरुवातीला आणि एकदा दीड वर्षानं, तो पुन्हा मागायला आला तेव्हा. पुढे धंदा बसला, बँकेनं लिलाव केला, आणि परगावच्या एकानं ती इमारत यंत्रांसकट स्वस्तात घेतली. आता गोव्याला भाजी नेणाऱ्या गाड्या तिथं रांगेनं उभ्या असतात. दिवाळीत पुतण्या म्हणाला, "आत्या, माझी कल्पना चुकली नव्हती बघ. इरिडियमचंही असंच झालं." नणंद म्हणाली, "हा इरिडियम कुठला, निपाणीचा का?" सगळे हसले. मी मात्र नंतर ती हकिकत मुद्दाम वाचून काढली.

अमेरिकेतल्या मोटोरोला कंपनीच्या अभियंत्यांना १९८७ मध्ये सुचलं की पृथ्वीभोवती खालच्या कक्षेत उपग्रह फिरत ठेवले, तर समुद्रात, वाळवंटात, कुठूनही फोन लावता येईल. उपग्रह ७७ लागणार होते, म्हणून ७७ अणुक्रमांकाच्या धातूचं नाव कंपनीला दिलं. पुढे ६६ पुरतील असं ठरलं, पण नाव तेच राहिलं. (बारशाला ठरलेलं नाव कोण बदलतंय!) खर्च झाला सुमारे ५ अब्ज डॉलर. १ नोव्हेंबर १९९८ ला सेवा सुरू झाली. पहिला फोन उपाध्यक्ष अल गोर यांनी केला, तोही टेलिफोनच्या ग्रॅहम बेल यांच्या पणतवाला. पण फोनची किंमत ३,००० डॉलरच्या घरात, मिनिटाला कित्येक डॉलर, हातात घेतला तर विटेएवढा, आणि छपराखाली लागतच नाही! ज्या फिरतीवरच्या व्यापाऱ्यासाठी हे सगळं उभारलं, त्याच्या खिशात तोवर साधा मोबाइल आला होता. ऑगस्ट १९९९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. म्हणजे नऊ महिने आणि वर थोडे दिवस.

उपग्रह खाली आणून जाळायचं जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात डॅन कोलुसी आणि त्यांच्या सोबत्यांनी २००० साली तो सगळा पसारा अडीच कोटी डॉलरना घेतला. हिशेब करून बघा, रुपयाला अर्धा पैसा. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं कंत्राट मिळालं आणि गाडं चालू लागलं. जहाजं, ध्रुवाकडचे तळ, गिर्यारोहक, वादळात टॉवर पडलेली गावं, यांना तो फोन उपयोगी पडला. २०१७ ते २०१९ मध्ये नवे उपग्रहही चढवले.

तर अशा महागड्या उद्योगात पैसे परत मिळतात का? मिळतात, पण अर्धा पैसा घालणाऱ्याला. पूर्ण रुपया घालणाऱ्याचं नाव दिवाळखोरीतच पुसलं गेलं. नव्या मालकावर त्याचं काही देणं लागत नाही, कायद्यानंही नाही आणि खरं बोलायचं तर नीतीनंही नाही.

पुतण्याचं म्हणणं असं की पैसे वाया कुठं गेले, जगाच्या उपयोगी पडले की. भर समुद्रात अडकलेल्याला विचारलं तर तोही हेच म्हणेल. मला ते पटतं, आणि तरी खटकतं. दान देणाऱ्यानं आधी म्हणायचं असतं. बुडाल्यावर दुसऱ्यानं उठून त्याला दान म्हणणं, हे आपल्याला शोभत नाही.

या फोनचा धागा आपल्याकडेही येतो. भारतातलं त्याचं गेटवे केंद्र पुण्याजवळ दिघीला होतं, आणि इथल्या बँका व वित्तसंस्थांनी त्यात पैसे घातले होते. आपल्याला खोटं चित्र दाखवलं, अशी भारतीय कंपनीनं मोटोरोलाविरुद्ध पुण्यात फिर्याद केली. त्यात मोठा गमतीचा प्रश्न निघाला. फसवायला मनात हेतू लागतो, आणि कंपनीला मन कुठं असतं? मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये फिर्याद रद्द केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये तो निकाल फिरवला. जे कंपनी चालवतात त्यांचा हेतू तो कंपनीचा हेतू, म्हणून खटला चालू शकतो, असं म्हटलं. फसवणूक झालीच, असं मात्र म्हटलेलं नाही. उलट न्यूयॉर्कच्या न्यायालयात २००७ मध्ये देणेकऱ्यांविरुद्ध आणि मोटोरोलाच्या बाजूनं निकाल लागला. त्या काळी बाजारालाही या उद्योगावर विश्वास होता, हे तिथं मोलाचं ठरलं.

म्हणजे दोन्हीकडे प्रश्न तोच, कुणाला काय ठाऊक होतं आणि कधी. बाजार उलटणं हा गुन्हा नाही. मोबाइल इतक्या झपाट्यानं येईल हे भल्याभल्यांना दिसलं नव्हतं. पण दिसल्यानंतरही जो दुसऱ्याकडे हात पसरतो, त्याला मी पहिल्यासारखा निर्दोष मानणार नाही, मग तो अमेरिकेतला असो की आमच्या घरातला.

नणंदेला यातलं काही वाचायची गरज पडली नाही. फराळाच्या ताटावरच तिनं विचारलं, "पहिले पैसे गेले, त्याचं मला काही नाही. दुसऱ्यांदा मागायला आलास तेव्हा बँकेची नोटीस आली होती का रे?"

तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू दिले असतेस का?"

"ते मी ठरवलं असतं," ती म्हणाली.

पाडव्याला कागद आणून दाखवतो, असं सांगून तो गेला. पाडवा होऊन तीन आठवडे झाले.