सोवळं कोणासाठी?

सोवळं पाळायचं ते स्वतःला जपण्यासाठी की दुसऱ्याला? जवाहर चौकातल्या आमच्या घरात हा प्रश्न सासूबाईंच्या दंडातल्या नळीने उभा केला.

आतड्याच्या कॅन्सरसाठी त्यांना दर पंधरवड्याला केमो देतात. ही औषधं हातातल्या बारीक शिरांना सोसत नाहीत. त्यातलं एक तर पंपाने सलग 46 तास द्यावं लागतं. म्हणून ही ‘पिक लाइन’. दंडातल्या शिरेतून सरकवलेल्या या मऊ नळीचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. तिथे रक्ताचा ओघ मोठा, औषध लगेच पातळ होतं. दर वेळी नवी शीर शोधायला नको.

पण औषधाची वाट तीच जंतूंची वाट. म्हणून सिस्टर हात धुते, मास्क लावते, नळीचं तोंड स्पिरिटने घासून वाळू देते, मगच सिरिंज जोडते. दर आठवड्याला ड्रेसिंग बदलते, सलाइनने नळी फ्लश करते.

आयुष्यभर धाबळी नेसून नैवेद्य रांधणाऱ्या सासूबाईंना नियमांचं ओझं वाटलं नाही. फरक मला जाणवला तो निराळाच. आपलं सोवळं समोरच्याचा स्पर्श विटाळाचा मानतं. सिस्टर मात्र स्वतःच्याच हातावर संशय घेते. पहिल्या वृत्तीचं टोक महाडला दिसलं. 1927 साली बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचं पाणी प्यायले, तर सनातन्यांनी त्या तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. दुसऱ्या वृत्तीचं फळ मिशिगनमध्ये मोजलं गेलं. तिथल्या अतिदक्षता विभागांत हात धुणं, नको असलेली नळी लगेच काढणं अशा पाच साध्या गोष्टी नेमाने पाळल्या, तेव्हा 18 महिन्यांत नळीमुळे रक्तात होणाऱ्या संसर्गात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. 2006 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

कुणी म्हणेल, ही नुसती स्वच्छता. धर्माचा काय संबंध? मला तो दिसतो. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. घाईच्या वेळी, कुणी पाहत नसताना, परक्या माणसाच्या जिवासाठी पुन्हा हात धुणं याला व्रतच म्हणावं लागेल. सासूबाई सिस्टरची जात विचारत नाहीत. “हात धुतलेस ना गं बाई?” एवढंच विचारतात आणि दंड पुढे करतात.

दुसऱ्याला जपतं तेच सोवळं खरं. केमो चालू असलेल्या माणसाला भेटायला जाल, तेव्हा प्रसादाच्या पुडीआधी साबणाने धुतलेले हात घेऊन जा.