छावणीतला जुगार

छावणीतला जुगार मोडून काढण्याचा प्रयत्न अनेक सेनांनी केला, पण तो कुणालाच पुरता साधला नाही. काळाबरोबर बदलत गेला तो बंदीमागचा विचार.

रोमन कायद्यात पैसे लावून फासे खेळायला मनाई होती. सॅटर्नेलियाच्या सणात तेवढी सूट मिळे. भालाफेक, धावणे, कुस्ती यांवरची पैज मात्र चाले, कारण त्यांत मर्दुमकीचा कस लागतो. आक्षेप पैशाला नव्हता, नुसत्या नशिबावर विसंबण्याला होता. तरी फासे थांबले नाहीत. जर्मनीत फ्रोइट्सहाइम येथे चौथ्या शतकातला, फासे टाकण्याचा एक छोटा धातूचा मनोरा सापडला आहे. वरून टाकलेले फासे आतल्या तिरप्या पट्ट्यांवर आपटत खाली येत, म्हणजे हातचलाखीला वाव नाही. त्यावर रोमचे शत्रू पिक्ट यांचा पराभव झाला, आता निर्धास्त खेळा, अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे.

धर्मयुद्धांच्या काळात प्रश्न हुद्द्याचा झाला. 1190 मध्ये सिसिलीतल्या मेसिना येथे तळ पडला असताना इंग्लंडचा रिचर्ड आणि फ्रान्सचा फिलिप या राजांनी नियम घालून दिले. सरदार आणि धर्मगुरू यांनी दिवसाला फार तर 20 शिलिंग हरावेत, जास्त हरल्यास 100 शिलिंग दंड. साध्या शिपायाने पैसे लावले तर फटके, खलाशाने लावले तर समुद्रात बुचकळणे. राजांना कसलीच मर्यादा नव्हती! जुगार वाईट हे सर्वांना मान्य होते. फक्त तो कुणाला परवडतो, एवढेच ठरवायचे होते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनने हा भेद पुसला. 1776 च्या हुकुमाने अधिकारी आणि शिपाई दोघांनाही पत्ते व नशिबाचे खेळ वर्ज्य झाले; पुढच्या वर्षीच्या हुकुमात व्यायामाच्या खेळांना मात्र उत्तेजन होते. रोमन विचारच पुन्हा वर आला, आता शिस्त आणि नीतीच्या भाषेत. वॉशिंग्टन स्वतः पूर्वी पत्त्यांवर पैसे लावत असे आणि हारजितीचा हिशेबही ठेवत असे, हे इथे नमूद करायला हवे.

पहिल्या महायुद्धापर्यंत खरा प्रश्न पुढे आला: पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो? ब्रिटिश सैनिकांत आणि खलाशांत ‘क्राउन अँड अँकर’ लोकप्रिय होता. मुकुट, नांगर आणि पत्त्यांची चार चिन्हे असलेल्या चौकटीवर पैसे लावायचे, मग तीच चिन्हे असलेले तीन फासे टाकायचे. आपले चिन्ह एकदा आले तर लावल्याएवढे, दोनदा आले तर दुप्पट, तीनदा आले तर तिप्पट मिळते. देणे उदार वाटते. पण फाशांच्या 216 शक्यतांपैकी 125 मध्ये ते चिन्ह येतच नाही. दर शक्यतेला एक नाणे लावून सगळा हिशेब मांडला तर 108 मिळतात आणि 125 जातात. म्हणजे शंभरामागे जवळजवळ आठ खेळ मांडणाऱ्याचे. या खेळावर बंदी होती, तरी तो चालतच राहिला.

ब्रिटिश लष्कराने परवानगी दिली ती फक्त ‘हाउस’ला. हीच आपली हाउझी. पुकारणारा नऊ आकड्याला ‘डॉक्टरचा हुकूम’ म्हणे, कारण लष्करी डॉक्टर सरसकट देत ती जुलाबाची गोळी नऊ नंबरची होती.

ऑस्ट्रेलियन सैनिकांचा ‘टू-अप’ याहून सरळ. दोन नाणी लाकडी पट्टीवरून उडवायची आणि छापा की काटा यावर आपापसांत पैज लावायची. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने 1998 च्या कायद्याने 25 एप्रिल या अँझॅक दिनी, म्हणजे सैनिकांच्या स्मरणदिनी, हा खेळ रीतसर वैध केला.